दोन खोल्यांतल्या पिसवा

६ सप्टेंबर

ती. ताईस,

शि. सा. न., आणि तोही उभ्यानंच, कारण गेले आठ दिवस मी या घरात बसून असं काही केलेलं नाही. इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, मध्येमध्ये एक पाय वर घ्यावा लागतो.

फोन का केला नाहीस म्हणून रागावू नकोस. दोन खोल्यांचं घर. मी इकडे कुजबुजले तरी आप्पांना तिकडे ऐकू जातं, आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर जायला नको आहे. तर ऐक. माझ्या घरात पिसवा झाल्या आहेत.

लिहिलं एकदाचं. आधी मला वाटलं डास असतील. मग वाटलं, नव्यानं आलेल्या लोकरी कापडाची खाज असेल. शेवटी औषधाच्या दुकानात गेले आणि एका गिऱ्हाइकाच्या घरी असं असं होतंय म्हणून विचारलं. दुकानदार माझ्या पायांकडे बघून म्हणाला की तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढायचे आणि खोलीत चार फेऱ्या मारायच्या. तशा मारल्या. खाली बघितलं तर मोज्यांवर काळे ठिपके, सात. मोजायला बोट जवळ नेलं तर सहा.

माझा धंदा तुला माहीत आहे. लोक अंगावरचे कपडे विश्वासानं आणून देतात, कुणाची उंची कमी करायची, कुणाची चेन बदलायची. आज टेबलावर अकरा जणांचे कपडे आहेत. प्रत्येक कपडा परत देण्याआधी मी खिडकीत नेऊन झटकते, शिवणी उलटून बघते, इस्त्री फिरवते आणि पुन्हा झटकते. दारात उभ्या गिऱ्हाइकानं सहज पाय खाजवला तरी मी घाईघाईनं हवापाण्याचं बोलायला लागते.

कुठून आल्या हे काही कोडं नाही. आईची काजळी. आई गेल्यावर आप्पा एप्रिलमध्ये माझ्याकडे आले ते तिला टोपलीत घालून, टोपली मांडीवर घेऊन. भाऊजींना मांजराच्या केसांनी दम लागतो म्हणून त्यांना तुझ्याकडे येता आलं नाही, आणि ते म्हणाले होते की ही जिथं जाईल तिथं मी. म्हणजे ते मांजरामागून माझ्याकडे आले, ताई, माझ्यासाठी नाही. हे मला माहीत आहे. पण आले.

अकरा वर्षांपूर्वी मी त्यांचा शब्द मोडून घराबाहेर पडले, तेव्हापासून आमचं बोलणं असं कधी झालंच नाही. आताही ते दिवसाला तीन वाक्यं बोलतात. चहा झाला. दार लावलं. पत्र आलंय. आईच्या आजारपणात सगळं तू केलंस, मी दोनदा पाहुणीसारखी येऊन गेले. आता ते माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसलेले असतात आणि मला मशीन चालवताना पाठीमागे त्यांचा श्वास ऐकू येतो. एवढंच मला हवं आहे. तीस तारखेला तू येणार, कसं चाललंय ते बघणार आणि मग ते कुठं राहतील हे ठरवणार, असं आपलं बोलणं झालं आहे. तोवर या पिसवा घालवायच्या आहेत.

उपाय सांग. ‘मी तुला आधीच म्हटलं होतं’ हे वाक्य पत्राच्या अगदी शेवटी लिही, म्हणजे मी उपाय तेवढा शांतपणे वाचून घेईन.

लोभ आहेच, तो या बातमीनं आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
सुई


१० सप्टेंबर

चि. सुईस,

अ. उ. आ. तुझं पत्र वाचल्यापासून मला खाज सुटली आहे आणि मी खाजवते आहे हे बघून तुझ्या भाऊजींना. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. नाहीतर ते पत्रालाही शिंकायला लागतील.

तू कपडे खिडकीत झटकतेस हे वाचून मी कपाळावर हात मारला. अगं, इस्पितळाच्या धुलाईघरात मला बावीस वर्षं झाली. रोज सहाशे चादरी माझ्या नजरेखालून जातात. आमच्याकडे नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, ती म्हणजे झटकायचं नाही. झटकलं की जे कपड्यात आहे ते घरभर होतं. चादरीचे चारही कोपरे आत घ्यायचे, गाठोडं करायचं आणि थेट कडकडीत पाण्यात. पडदे, उशांचे अभ्रे, तुझ्या खुर्चीवरची ती भिकार गादी, सगळं. फरशीच्या भेगांतून, पलंगाच्या पायांखालून रोज झाडून काढ. जमलं तर कुणाकडून झाडण्याचं मशीन माग आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून बाहेर टाक. गिऱ्हाइकांचे कपडे जमिनीवर ठेवू नकोस, दोरीवर टांग.

आणि काजळीला घराबाहेर काढ. ती घरात आहे तोवर तू कितीही धू. उद्याच्या उद्या कुणाला तरी दे. आप्पांना सांग की डॉक्टरकडे ठेवली आहे. खोटं बोलायला लावते म्हणून तोंड वाकडं करू नकोस, आपल्या घरात बऱ्याच गोष्टी अशाच पार पडल्या आहेत.

आता कडू गोळी. मी तीसला येते. मला एक जरी पिसू दिसली तरी आप्पांना सोबत घेऊन येईन. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचं रक्त पिसवांना पाजायला मी देणार नाही. तू वाईट वाटून घेशील, घे. मला ते बघवणार नाही एवढंच.

यापुढे पिसवांचं सविस्तर वर्णन लिहू नकोस. गेल्या एवढं कळव.

जेवतेस ना वेळेवर? तुझ्या हाताची हाडं मागच्या वेळी मला टोचली होती.

मी तुला आधीच म्हटलं होतं. (शेवटी लिहिलं आहे, बघ.)

तुला ओरडणारी, म्हणजेच तुझ्यावर लोभ असणारी,
ताई


१७ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. काजळीला दिलं.

मागच्या गल्लीत एक गॅरेजवाले मिस्त्री आहेत. त्यांच्या कामाच्या कपड्यांच्या चेन मी बदलून देते. गॅरेजात उंदीर झालेत म्हणून ते कधीपासून मांजर शोधत होते. शुक्रवारी आप्पा आंघोळीला गेले तेव्हा मी तिला कापडाच्या पिशवीत घातलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आप्पांना सांगितलं, डॉक्टरकडे ठेवलीय, चार दिवसांनी देतील. ते बरं म्हणाले. मग त्यांनी तिची बशी धुतली, पुसली आणि होती त्याच जागेवर ठेवली.

तुझं सगळं केलं. कोपरे आत घेतले, गाठोडी केली, पाणी इतकं कडक की माझ्या बोटांची सालं निघाली. झाडण्याचं मशीन शेजारच्या संगीत शिकवणाऱ्या बाईंकडून आणलं. ते मी दिवसातून तीनदा चालवते, त्या भिंत वाजवतात, मी तरी चालवते. एक काम धरलं की दुसरं आठवतं, दुसऱ्याला हात घातला की पोटरीवर काहीतरी चालतंय असं वाटतं. कधी असतं, कधी नसतं. नसतं तेव्हा जास्त त्रास होतो.

आणि ताई, पिसवा दुप्पट झाल्या. डाव्या पायावर एकवीस डाग मोजले, उजव्यावरचे मोजायचे सोडले. बँकेतल्या बाई सोमवारी आल्या होत्या. त्यांचा कोट मी शनिवारी दिला होता. त्या पिसवांबद्दल अक्षर बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की ती पँट राहू दे, आता लांबच बरी वाटते. एरवी त्या आत येऊन खुर्चीत बसतात, पाणी मागतात. या वेळी उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे केला. मी पँट दिली आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिले.

काल दुपारची गोष्ट सांगते. मी पलंगाखाली मशीन घालत होते तर आप्पांनी हाक मारली. ते टेबलाशी बसले होते, डोळ्याला भिंग लावून. ताई, त्यांचा तो घड्याळदुरुस्तीच्या हत्यारांचा पत्र्याचा डबा एप्रिलपासून पलंगाखाली तसाच पडला होता, दुकान बंद केल्यापासून त्यांनी त्याचं झाकण उघडलं नव्हतं. समोर पांढरी बशी आणि चिमट्यात एक पिसू. मला म्हणाले की ये, बघ. मी भिंगातून बघितलं. मग ते बोलायला लागले. चांगली पाच मिनिटं बोलले. म्हणाले की घडण बघ कशी आहे, एक भाग फालतू नाही. चपटी का, तर केसांतून सरकता यावं. मागचा पाय बघ, चावी दिलेल्या स्प्रिंगसारखा दाबून ठेवलेला. मी खुळ्यासारखी ऐकत राहिले. पिसवांची इतकी उपकृत मी कधी होईन असं वाटलं नव्हतं.

मग भिंग न काढताच ते म्हणाले की तू खानावळ बंद केलीस, आता जेवणारे कुठं जातील? ती होती तोवर त्या तिच्यावर पोट भरत होत्या, आता घरात आपण दोघंच उरलोय. आणि विचारलं की काजळी कुठं आहे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले की डॉक्टरचं नाव सांगू नकोस, समोरच्या पाटीवर शुक्रवार बंद असं लिहिलंय आणि ती पाटी मी रोज खिडकीतून वाचतो.

मी खरं ते सांगितलं. त्यांनी भिंग काढून डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आज सकाळपासून चहा झाला हेही म्हणालेले नाहीत.

पाच मिनिटं मिळाले होते गं ते मला. त्याच दिवशी घालवले. तू त्यांना न्यावंस असं आता माझं मलाच वाटायला लागलंय आणि ते लिहिताना पेन कागदात रुततंय.

लोभ असू दे, सध्या माझा माझ्यावर फारसा उरलेला नाही.

सुई


२० सप्टेंबर

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. मला पत्राची सवय नाही. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला चिठ्ठी बांधायचो तेवढंच लेखन आयुष्यात केलं. तेव्हा तसंच लिहितो. काय बिघडलं, काय केलं, कधी मिळेल.

काय बिघडलं. पिसवा या घरात एप्रिलपासून आहेत आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत आहेत. धाकटी रोज दुपारी कपडे पोचवायला बाहेर जाते. ती जिना उतरली की मी काजळीला मांडीवर घेऊन चिमट्यानं पिसवा वेचायचो आणि पेट्रोलच्या वाटीत टाकायचो. कधी चौदा, कधी तीस. डबा उघडत नाही असं तिला वाटतं, कारण ती यायच्या आत मी तो पुन्हा पलंगाखाली सरकवतो. हात आता घड्याळाला चालत नाहीत, पण पिसवांना चालतात. तिला सांगितलं नाही, कारण मांजर गेलं की मलाही निघावं लागणार. तिनं मला सांगितलं नाही, कारण मला कळलं तर मी निघून जाईन असं तिला वाटलं. दोन खोल्यांत दोन माणसं एकमेकांपासून पिसवा लपवत बसलो आणि पिसवांचं उत्तम चाललं होतं.

काय केलं. काल चार जिने उतरलो. गॅरेजात गेलो. मिस्त्री भला माणूस आहे. त्यालाही चावल्या होत्या, तरी तो काजळीला दूध पाजत होता. मी मागितल्यावर त्यानं इतक्या चटकन परत दिली की आम्ही दोघंही हसलो. तिला घेऊन समोरच्या डॉक्टरकडे गेलो. शुक्रवार नव्हता. त्यांनी तिच्या मानेवर औषधाचे थेंब सोडले आणि म्हणाले की आता हिला घरभर फिरू द्या. जी पिसू हिच्यावर उडी मारेल ती मरेल. म्हणजे जिला घालवलं तिच्याकडूनच काम करून घ्यायचं आहे. हे तुम्हा दोघींना मी आधी सांगायला हवं होतं.

परत आलो तर धाकटी जिन्यात बसली होती. एका पायात चप्पल, दुसरी हातात. मला शोधायला निघाली होती आणि चपलेचा तुटलेला अंगठा जुळवत बसली होती. तिनं मला सडकून झापलं. चिठ्ठी ठेवता येत नाही का, या वयात चार जिने, पडला असतात म्हणजे. पाच महिने ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलत होती. काल घरच्यासारखी ओरडली. मला बरं वाटलं. तिला हे कळवलं तरी चालेल.

कधी मिळेल. डॉक्टर म्हणतात, पिसवांचे कोश फरशीच्या भेगांत पडून असतात. माणसाच्या पावलाचा हादरा बसला की उघडतात. रोज झाडायचं, रोज चालायचं, मांजराला महिन्याला औषध. तीन महिने.

आणखी एक. या पिसवा धाकटीच्या घरातल्या नाहीत, त्या माझ्यासोबत आपल्या घरून आल्या. तुझ्या आईच्या पायांवर शेवटी जे डाग होते ते तू पाहिले होतेस आणि मी तुला पाहताना पाहिलं होतं. तू त्याबद्दल कुणाला लिहिलं नाहीस. मीही बोललो नाही. आता मला वाटतं, बोलायला हवं होतं.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

आप्पा


२४ सप्टेंबर

चि. सुईस,

अ. आ. आप्पांचं पत्र आलं. सोबत पाठवते आहे, वाच आणि जपून ठेव. त्यांचं एवढं लांब पत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी ते धुलाईघरातल्या कपड्यांच्या खोलीत दार लावून वाचलं, कारण बाहेर मुली होत्या आणि मी त्यांची वरिष्ठ आहे.

आता माझं ऐक. फेब्रुवारीत आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या घोट्यांवर लाल डाग दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, औषधाचं होत असेल. मीही तेच धरून बसले. मग एका सकाळी मी तिची चादर बदलत होते, आणि पांढऱ्या चादरीवर एक काळा ठिपका होता तो बघता बघता नाहीसा झाला. सुई, मी सहाशे चादरींवर सही करते. माझ्या हातून आलेली चादर म्हणजे स्वच्छ, असं वॉर्डातल्या बायका एकमेकींना सांगतात. आणि माझ्याच आईच्या अंथरुणात पिसवा.

मी कुणाला सांगितलं नाही. तिला नाही, आप्पांना नाही, तुला तर नाहीच, कारण तू दूर होतीस आणि तू दूर आहेस हे मी तुला येताजाता ऐकवत होते. रोज तीनदा चादरी धुतल्या. एकदा मी तिला म्हटलं की काजळीला खाली ठेवूया का, तर म्हणाली की नको, पाय गार पडतात, तीच तेवढी ऊब देते. मी तिच्या पायांकडे बघायला लागले की ती चादर वर ओढून घ्यायची आणि मला काही होत नाही, तू झोप जा म्हणायची. तिलाही माहीत होतं असं आज वाटतं. ती मला लाज वाटू नये म्हणून पाय झाकत होती. मी मात्र मांजराच्या मानेवर औषधाचे चार थेंब सोडून आणले असते, तर तिचे शेवटचे पाच आठवडे...

पुढे लिहीत नाही. लिहिलं तर तूही डोळे पुसायला येशील आणि आपल्या दोघींचं काम वाढेल.

म्हणून काजळीला घालव म्हटलं. ते तुझ्यासाठी नव्हतं. मला तीसला येऊन तेच पुन्हा बघायचं नव्हतं. तुझं गिऱ्हाईक तुटलं, आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले, ते माझ्यामुळे. मोठ्या बहिणीनं माफी कशी मागायची असते हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, तेव्हा एवढ्यावर भागव.

तीसला येते. एक रिकामी बॅग घेऊन येते, तुमच्या चादरी नि पडदे घेऊन जाईन. आप्पांना मी विचारणार आहे की कुठं राहायचं. तू मध्ये बोलू नकोस आणि डोळ्यांत पाणीही आणू नकोस, त्यांना त्यांचं उत्तर देऊ दे. ते जे म्हणतील ते आपण दोघींनी ऐकायचं.

माझ्यावर रागव, पण लोभ मागे घेऊ नकोस.

ताई


५ ऑक्टोबर

ती. ताईस,

शि. सा. न. तू गेलीस त्याला पाच दिवस झाले. पोचल्याचं कळलं. पडदे कडक पाण्यात आटले तरी हरकत नाही, मी खाली पट्टी जोडीन, माझा धंदाच तो आहे.

त्या दिवशी मी मध्ये बोलले नाही. बघितलंस ना. तू आप्पांना विचारलंस तेव्हा मी उगाच सुईत दोरा ओवत होते आणि तो तीनदा चुकला. त्यांनी तुला सांगितलं की हाती घेतलेलं काम अर्धवट टाकून मी कुठं जात नाही, तीन महिन्यांचं काम आहे, डिसेंबरात विचार. तू हसलीस. मीही हसले. पण तू रिक्षात बसलीस आणि मी जिना चढायला लागले तेव्हा माझ्या मनात तेच फिरायला लागलं. डिसेंबर. म्हणजे मला पिसवा जायला हव्या आहेत की नको आहेत? रोज मशीन फिरवताना मी भेगा अगदी कोरून काढते, आणि मनात येतं की इतकी घाई काय आहे.

कालपर्यंत हे असंच चाललं होतं. मी शिवायला बसायचे, उठायचे, कॅलेंडरपाशी जायचे, परत यायचे. काजळी पलंगावर, खुर्चीवर, गिऱ्हाइकांच्या कपड्यांखाली अशी सगळीकडे फिरते आहे. आप्पा रोज संध्याकाळी पांढरे मोजे घालून दोन्ही खोल्यांत पाहणी करतात आणि आकडा जाहीर करतात. परवा चार होत्या. काल एक. एक म्हणाले तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

बँकेतल्या बाई अजून आलेल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले आणि दारात उभं राहून जे होतं ते सांगितलं. पिसवा होत्या, तुमचा कोट त्यातच होता, चूक माझी. त्या म्हणाल्या की लहानपणी आमच्याकडेही झाल्या होत्या, आईनं मरेपर्यंत कुणाला सांगू दिलं नाही. पँट पाठवते म्हणाल्या. पाठवतील की नाही कोण जाणे. पण सांगून टाकल्यावर मी घरी चालत आले ती एकदाही पाय न खाजवता.

आता आज सकाळचं. मिस्त्रींनी गॅरेजातलं भिंतीवरचं मोठं घड्याळ पाठवलं आहे, दोन वर्षं बंद पडलेलं. आप्पांनी त्यांना सांगितलं की मनगटावरची माझ्या हातून होणार नाहीत, भिंतीवरची आणा, त्यांची चाकं मोठी असतात. ते घड्याळ घेऊन ते खोलीभर फिरले. पलंगावर ठेवून बघितलं, उजेड कमी. स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून बघितलं, वाफ येते. मग खिडकीशी, माझ्या मशीनच्या बाजूला येऊन उभे राहिले. मी शिवत होते, मान वर केली नाही. मला वाटलं, चहाचं काहीतरी असेल.

ते म्हणाले की मशीन वीतभर डावीकडे घे, मला इथं टेबल टाकायचंय. सुतार संध्याकाळी माप घ्यायला येतोय, मी त्याला पक्क्या लाकडाचं सांगितलंय.

मी काही विचारलं नाही, ताई. तू म्हणाली होतीस ना, त्यांना त्यांचं उत्तर देऊ दे. उठले, मशीन वीतभर सरकवलं. खिडकी एकच आहे, तिच्यात दोघांचं जेमतेम मावतं. टेबल येईपर्यंत त्यांनी खुर्ची ओढून घड्याळ मांडीवरच उघडलं आहे. माझ्या हातात शाळेच्या शिपाईकाकांचा डगला आहे, चांगला जाड. कापड पुढे सरकवलं की माझं कोपर त्यांच्या कोपराला लागतं. दोघांपैकी कुणीच बाजूला होत नाही.

हे पत्र मी बसून लिहिलं आहे.

भाऊजींना नमस्कार. लोभ असाच दोन्ही घरांत ये-जा करत राहू दे.

तुझी,
सुई